चक्कीवर दिलेला शब्द

शिक्षकांना मे महिन्यात सुट्टी असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या वऱ्हाडात यावं. भर दुपारी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, दुसऱ्याच्या ओसरीवर बसून, "तुमचं लेकरू आमच्या शाळेत घाला हो" म्हणून गळ घालणारी मुख्याध्यापिका त्यांना बघायला मिळेल. ती मी. म्हणजे होते. आता निवृत्त झाले आहे आणि अकोल्याला, जठारपेठेतल्या घरी, कूलरसमोर बसून हे लिहिते आहे. उन्हाळ्यात दुपारी घरात बसायची सवय नसल्यामुळे सारखी दाराकडे नजर जाते.

माझी शाळा जिल्हा परिषदेची. गाव पिंपळटेक, मूर्तिजापूरहून आत. नोकरीची सुरुवात तिथंच झाली, मधे बदल्यांनी तालुकाभर फिरवलं आणि शेवटी मुख्याध्यापिका करून परत तिथंच आणून सोडलं. लोकांना वाटतं शिक्षक शिकवतो. अहो, शिकवणं हा सोपा भाग झाला. शिकवायला आधी समोर पोरं लागतात, आणि पोरं मिळवणं ही आमची खरी उन्हाळी नोकरी. शाळेत जितकी मुलं, त्याला आम्ही 'पट' म्हणतो. पट घसरला की दोनातला एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरून दुसरीकडे जातो. आणखी घसरला की शाळेला कुलूप लागतं आणि उरलेली पोरं शेजारच्या गावी चालत जातात. म्हणून आम्ही ऊन डोक्यावर घेऊन दारोदार फिरतो.

स्पर्धा कडक असते. पहिला प्रतिस्पर्धी कॉन्व्हेंट. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात. तिथं नन नसते, चर्च नसतं, चालवणारे असतात गणपती मंडळाचे माजी अध्यक्ष. पण टाय असतो आणि दाराशी येणारी पिवळी व्हॅन असते. त्या दोन गोष्टींपुढे माझे सगळे मुद्दे लंगडे पडतात. दुसरे गुरुकुलवाले. ते येतात, तुळशीचं रोप देतात, संस्कारांवर बोलतात आणि घरातल्या म्हाताऱ्यांना एका बैठकीत खिशात घालतात. आणि अलीकडे तिसरे आलेत, खादीचा कुर्ता आणि झोळीवाले. त्यांची शाळा झाडाखाली भरते, परीक्षा नसते, पुस्तक नसतं. "आम्ही शिकवत नाही, मूल आपलं आपण शिकतं," असं ते अभिमानानं सांगतात. ते ऐकून एका बापानं मला विचारलं होतं, "मॅडम, थे बी शिकवत नाय म्हनतात. मंग तुमच्यात अन् त्याईच्यात फरक काय?"

अशा गिऱ्हाइकांवर माझा फार जीव. एक आजोबा होते. जुन्या लोकांची पद्धत अशी की पोराचा उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागला की पोर शाळेत घालायच्या वयाचं झालं. आता जन्माचे दाखले आले, पण आजोबांचा दाखल्यावर विश्वास नव्हता. नातवाचा हात काही केल्या कानाला पोचेना. आजोबांनी इकडे तिकडे बघितलं, पोराचा कानच वर ओढला आणि म्हणाले, "लागला! घ्या नाव!" मी नाव घेतलं. पट म्हणजे पट. एका बाईनं मला अट घातली की टाय दिला तरच पोरगं पाठवीन, तर मी माझ्या जुन्या साडीच्या काठाचा टाय शिवून दिला. तो पोरगा वर्षभर माझी साडी गळ्यात घालून पाढे म्हणत होता.

पिंपळटेकला ही कानाची परीक्षा आम्ही मोडू दिली नाही, उलट तिचा सण केला. जूनच्या अखेरीस शाळा उघडते त्या दिवशी पहिलीची पोरं सजवलेल्या बैलबंडीतून गावभर मिरवत शाळेत येतात. बंडीत चढण्याआधी प्रत्येकानं डोक्यावरून हात नेऊन कान धरून दाखवायचा. सगळा गाव ओरडतो, "लागला! लागला!" डफडं वाजतं, पोर वर चढतं. ज्याचा लागत नाही त्याचाही लागतो, कारण डफडेवाला ऐन वेळी इतक्या जोरात वाजवतो की पोर दचकून कान झाकतं.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या उन्हाळ्याची ही गोष्ट. पट इतका काठावर आला होता की पहिलीत पाच-सहा पोरं आली तरच दुसरा शिक्षक राहणार होता. दुसरा शिक्षक म्हणजे तायडे सर. तरुण, उत्साही, अंगात सारखं काहीतरी संचारलेलं. मीही पुढच्या वर्षी जाणार होते. म्हणजे शाळेला कुलूप लावणारी शेवटची बाई मीच ठरणार अशी चिन्हं होती. मला ते रात्रंदिवस खात होतं.

गावातली सगळी पोरं कुठं जाणार हे ठरायचं वनिताच्या चक्कीवर. वनिताचा नवरा शेती बघायचा आणि पिठाची चक्की ही बघायची. गावातल्या बायका दळण घेऊन तिथं बसत आणि वनिता जे करील ते करत. वनिताची गौरी सहा वर्षांची झाली होती आणि तिचं मूर्तिजापूरच्या कॉन्व्हेंटात पक्कं झालं होतं. तिच्या मागोमाग आणखी चार-पाच जणी व्हॅनमध्ये बसायला तयार. म्हणून मी रोज चक्कीवर जायची. पीठ अंगावर उडायचं, मी पांढरी होऊन परत यायची. एक दिवस वनिता चक्कीच्या घरघरीवर आवाज चढवून म्हणाली, "मॅडम, तुमी रोज येऊन राहिल्या, मले बरं वाटते. पण एक सांगा. तुमची नात केवढी झाली?"

"सहाची."

"थे कोनत्या शाळेत जानार हाय?"

मी म्हटलं, "माझा मुलगा निखिल याच शाळेत शिकला." हा माझा हुकमाचा एक्का होता.

"थे जुनं झालं. तवा कॉन्व्हेंट होतं कुठं? आताचं सांगा. नातीचं काय?"

"अजून ठरायचंय."

"वा वो मॅडम! तुमच्या नातीचं ठरायचं हाय अन् माया गौरीचं तुमी ठरवून राहिल्या? असं करा, तुमी तुमची नात आना. मी माही गौरी देतो. नुसती गौरी नाय, या समद्या बायाईची पोट्टी देतो. बोला!"

माझं तोंड माझ्या आधी धावतं. शाळेत असताना त्यापायी छड्या खाल्ल्या आहेत. मी जोरात ओरडले, "आणते!" आणि नेमकं त्याच क्षणी वनितानं चक्कीचं बटण बंद केलं. सगळीकडे शांत झालं आणि त्या शांततेत माझा 'आणते' पार पारापर्यंत गेला. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. वनितानं पदरानं तोंड पुसलं आणि हसली. "आयकलं ना गं तुमी समद्याईनं?"

परतताना अकोल्याच्या पॅसेंजरमध्ये मला घाम फुटला तो उन्हानं नव्हे. नातीच्या शाळेबद्दल घरात मला कोणी विचारलेलंसुद्धा नव्हतं. तो विषय म्हणजे आधीच एक रणांगण होतं.

नातीचं नाव रेवा. निखिल घरी बसून संगणकावर पुण्याच्या कंपनीचं काम करतो, सून ऋचा बँकेत आहे. निखिलच्या मनात ती झाडाखालची शाळा भरली होती, अकोल्याबाहेर कडुनिंबांच्या बनात. ऋचाचे वडील अप्पासाहेब अमरावतीला असतात. कोर्टातली वकिली सोडून आता गीतेचे वर्ग घेतात. त्यांचं म्हणणं, रेवानं अमरावतीच्या गुरुकुलात जावं आणि आजोबा-आजीकडे राहावं. ऋचाला स्वतःला काय हवं होतं हे विचारलं की ती म्हणायची, "मला झोप हवी आहे." या सगळ्यात मी कुठं शिरू आणि काय म्हणू?

आधी आम्ही कडुनिंबाखालच्या शाळेत गेलो. तिथं मुलांची मुलाखत नसते, पालकांची असते. एक गोड ताई मातीच्या कुल्हडात लिंबू सरबत घेऊन आमच्यासमोर मांडी घालून बसली. रेवा तोवर एका खड्ड्यात शिरून माती कालवायला लागली होती. ताईनं मला डोळे मिटायला सांगितले आणि हळुवार विचारलं, "आजी, तुमच्या आतलं लहान मूल आज काय म्हणतंय?"

मी म्हटलं, "लय उकडतंय म्हणतंय."

ऋचाला ठसका लागला. निखिलनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढं सरबतात तोंड घातलं. मग ताईनं त्याला विचारलं, शाळेतली कुठली गोष्ट अजून मनात आहे? आणि माझा एरवी चार शब्दांच्या वर न बोलणारा मुलगा सुरू झाला.

तो लहान असताना घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून मी त्याला पिंपळटेकच्याच शाळेत घातलं होतं. रोज माझ्याबरोबर पॅसेंजर, मग काळीपिवळी, मग शाळा. "शाळेच्या फाटकापर्यंत ही माझी आई असायची," निखिल सांगत होता. "फाटक ओलांडलं की मॅडम. मला हिनं बजावून ठेवलं होतं, आत गेल्यावर आई म्हणायचं नाही. एकदा हजेरीत माझं नाव घेतलं आणि मी चुकून 'हजर, आई' म्हणालो. सगळा वर्ग हसला. हिनं मान वर न करता पुढचं नाव घेतलं. त्या दिवसापासून चौथीपर्यंत सगळी पोरं मला 'हजर-आई' म्हणून हाक मारायची."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ऋचानं हळूच माझा हात धरला. मला राग आला, लाज वाटली आणि हसूही आलं, सगळं एकदम. गावात मास्तरणीच्या पोराला जरा जवळ घेतलं असतं तर बाकीच्या आया माझी सालटी काढत्या. मला तेव्हा जे केलं ते बरोबर वाटलं होतं, आजही वाटतं. पण एवढा मोठा माणूस, डोक्यावरचे केस विरळ झालेले, आणि अजून ते एक नाव धरून बसलाय, हे मला ठाऊक नव्हतं.

मग अमरावती. गुरुकुलात मी हरायची तयारी करूनच गेले होते. पांढऱ्या सदऱ्यातली मुलंमुली ओळीनं बसून श्लोक म्हणत होती. आवाज असा लागलेला की माझ्या अंगावर काटा आला. पंगतीत पोरांनी स्वतः वाढलं, स्वतः उष्टी काढली. रेवानं गुरुजींना विचारलं, "श्लोक म्हणताना मध्येच हसू आलं तर?"

गुरुजी म्हणाले, "हसून घ्यायचं आणि पुढचा चरण धरायचा." मला तो माणूस जागच्या जागी आवडला.

अप्पासाहेब विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळले. "विहीणबाई, पाया असा घट्ट हवा. बरोबर ना?"

"अगदी बरोबर," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

पण ऋचा वरणभात कालवता कालवता म्हणाली, "बाबा, ती तुमच्याकडे राहणार. मग मला झोप कशी येईल?" आणि तिचे डोळे भरले. अप्पासाहेबांनी पुढचा युक्तिवाद पाण्याच्या घोटाबरोबर गिळला.

दोन्ही शाळा चांगल्या निघाल्या, हीच माझी पंचाईत. वाईट असत्या तर मला बोलायला तोंड होतं. निखिलनं मनात कडुनिंब पक्का केला. ती शाळा पावसाचा अंदाज घेऊन उघडणार होती, तिला तारीख नव्हती. तेवढ्या फटीत मी हात घातला. "पोर घरी कंटाळते, मी तिला माझ्याबरोबर नेते," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी रेवाला पॅसेंजरमध्ये बसवलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही. उद्या सांगू, परवा सांगू करत राहिले.

रेवाला पिंपळटेक म्हणजे खेळायला सोडलेलं गावच मिळालं. गौरी आणि ती पहिल्या दिवशी भांडल्या, दुसऱ्या दिवसापासून एका चपलेत दोन पाय घालून फिरायला लागल्या. मी आणि तायडे सर शाळेची भिंत रंगवायचो, या दोघी चक्कीवर. संध्याकाळी रेवा माझ्याकडे यायची तेव्हा भुवयांपर्यंत पिठानं पांढरी असायची आणि तिची भाषा पार बदललेली. एकदा घरी जेवताना निखिलनं भाजी पुढं केली तर म्हणाली, "मले नोको ना बाप्पा!" ऋचानं टाळी वाजवली. वनिता चक्कीवरून हे सगळं बघत होती, हो नाही काहीच बोलत नव्हती. मला दिसली की एवढंच विचारायची, "मॅडम, आननार ना?"

आणि मग तायडे सरांनी घात केला. चांगल्या मनानं केला. आमच्याकडे पोरगं दहावी पास झालं, म्हैस व्याली, कुणी अध्यक्ष झाला, कुणी व्हायचा राहिला, की चौकात फ्लेक्स लागतो. सरांनी मला न विचारता अमरावती-अकोला रस्त्यावर, आमच्या गावच्या फाट्याशी, एक भला थोरला फ्लेक्स लावला. त्यावर पिठानं माखलेल्या रेवाचं दात पडलेलं हसू आणि खाली अक्षरं: 'मुख्याध्यापिका मॅडमची नात आमच्याच शाळेत! आणि तुमची?'

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी अप्पासाहेब आमच्याकडे मुक्कामाला म्हणून एसटीनं अमरावतीहून निघाले होते. खिडकीशी बसले होते. फाटा आला आणि त्यांना आपली नात आकाशात दिसली.

त्यांनी बसमधूनच निखिलला फोन लावला. मी घरी पोचले तेव्हा निखिल दारातच उभा होता. "आई, रेवा फ्लेक्सवर काहून आहे?"

"फोटो छान आलाय ना?" मी म्हटलं.

ऋचा सोफ्यावर आडवी पडून हसत होती. अप्पासाहेब नुकतेच आले होते, टोपी हातात घेऊन बसले होते, आणि "बारा फुटांची! बारा फुटांची नात!" एवढंच म्हणत होते. मग मी सगळं सांगितलं. चक्की, वनिता, 'आणते', सगळं. निखिल हसला नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "आई, शाळा वाईट आहे असं मी कधी म्हटलं नाही. पण तू तिलाही मॅडम म्हणायला लावशील. मला ते नको आहे."

आतून रेवा ओरडली, "मी उद्या बंडीत बसनार हावो!"

"मिरवणुकीपुरती बस," निखिल म्हणाला. "मग मी तुला घ्यायला येतो." शब्द माझा होता, पोरगी त्याची होती.

सकाळी मी रेवाला घेऊन पॅसेंजरनं पुढं गेले. गावात डफडं आधीच सुरू झालं होतं. बंडी हाकणारा पुंडलिक हा माझाच जुना विद्यार्थी. त्यानं बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावला होता, गळ्यात घुंगरमाळा, बंडीला आंब्याची पानं. पोरं येत होती, कान धरत होती, गाव ओरडत होता. रेवानं हात डोक्यावरून नेला, तो कानाच्याही खाली पोचला. "लागला! लागला!" गावानं तिला उचलूनच वर ठेवलं.

एवढ्यात निखिलची गाडी आली. पुढून ऋचा उतरली, मागच्या दारातून अप्पासाहेब. पांढरं धोतर, काळी टोपी, कपाळावर गंध, चेहऱ्यावर खटला. ते तक्रार करायलाच आले होते. पण तायडे सरांचे ठरलेले प्रमुख पाहुणे ऐन वेळी आले नव्हते आणि सर शाल-श्रीफळ काखेत धरून वेड्यासारखे फिरत होते. त्यांनी अप्पासाहेबांना बघितलं आणि त्यांना साक्षात पाहुणे दिसले. अप्पासाहेब "मला असं म्हणायचंय की" एवढं बोलेपर्यंत त्यांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, गळ्यात झेंडूचा हार आला आणि तोंडासमोर माईक आला. डफडं थांबलं. सगळा गाव त्यांच्याकडे बघत होता.

वकील माणूस, माईक दिसल्यावर त्याचं काय होणार? "ग्रामस्थ बंधूभगिनींनो," अप्पासाहेबांनी सुरुवात केली. पहिल्या दोन वाक्यांत ते जरा चाचपडले. तिसऱ्या वाक्यात त्यांना लय सापडली. शिक्षण घराच्या अंगणात असावं, गावानं शाळा खांद्यावर घ्यावी, असं ते बोलत गेले. शेवटी तर त्यांनी टोपी काढून हवेत हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते खाली उतरून माझ्याजवळ आले आणि गोंधळून म्हणाले, "विहीणबाई, मी नेमकं कोणाच्या बाजूनं बोललो?"

"आमच्या," मी म्हटलं.

"असं वाटलंच मला."

निखिल मात्र गाडीला टेकून उभा होता. तो इकडे वळणार, तेवढ्यात पुंडलिकनं बंडीवरूनच त्याला ओळखलं आणि आरोळी ठोकली, "अबे, हजर-आई! तू हाय का बे?"

निखिलचे कान लाल झाले. पुंडलिक खाली उडी मारून आला, कासरा माझ्या हातात कोंबून त्यानं निखिलला मिठी मारली. "किती जाडा झाला बे! माया पोरगा बी इथंच हाय, तिसरीत. तुई पोरगी का थे पिठाची? माया घरी भाकर खाऊन गेली थे!" निखिल हसायला लागला. हसता हसता त्यानं चष्मा काढून पुसला. एवढ्या वर्षांत त्याला त्या नावानं कोणी हाक मारली नव्हती.

आणि तेव्हा वनिता आली. गौरीच्या अंगावर कॉन्व्हेंटाचा कोरा गणवेश, गळ्यात लाल टाय. वेशीवर पिवळी व्हॅन उभी राहून हॉर्न वाजवत होती. मागं चक्कीवरच्या बायका आपापल्या पोरांचे हात धरून उभ्या. वनिता माझ्याकडे आलीच नाही. थेट निखिलसमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, हे तुमची पोरगी ना? मॅडमनं मले शबद देला हाय. पण पोरगी मॅडमची नाय, तुमची हाय. थे आज राह्यते का नुसती मिरवून जाते? खरं सांगा. माया व्हॅनवाला थांबून राहिला."

मी तोंड उघडलं. "वनिता, मी घरात न विचारता..." निखिलनं मला हातानं थांबवलं. त्यानं बंडीत बघितलं. रेवा कठड्यावरून वाकून गौरीला हात देत होती आणि गौरी आईच्या हातातून आपला हात सोडवत होती.

"राहील," निखिल म्हणाला. "पण मॅडमना माझी एक अट आहे."

मला 'मॅडम' म्हणाला तो. सगळा गाव ऐकतोय आणि माझा मुलगा मला मॅडम म्हणतोय.

"बोल," मी म्हटलं.

"हजेरीत तिनं 'हजर, आजी' म्हणायचं. वर्गात, सगळ्यांसमोर."

गावाला काही कळलं नाही. पुंडलिकला कळलं, त्याच्या हाताची घडी सुटली. मी "मंजूर" म्हटलं. आवाज नीट निघाला नाही म्हणून परत म्हटलं.

वनितानं एक क्षण दोघांकडे बघितलं. मग खाली वाकून गौरीच्या गळ्यातला टाय सोडला, पुंडलिकच्या बैलाच्या शिंगाला बांधला आणि पोरीला उचलून बंडीत टाकलं. "कान धर वो गौरे!" गौरीनं कान धरला. "लागला!" मागच्या बायकांनी पोरं पुढं ढकलली. डफडं असं सुटलं की बैल बिथरले आणि ठरलेला रस्ता सोडून चक्कीकडून वळले. अप्पासाहेब शाल सावरत बंडीमागून धावत होते. व्हॅनवाला थोडा वेळ हॉर्न वाजवत राहिला, मग गाडी बंद करून शिरा खायला शाळेत आला.

तायडे सर अजून तिथंच आहेत. मी निवृत्त झाल्यापासून तेच रेवाला अकोल्याहून पॅसेंजरनं नेतात, आणतात. रविवारी ती कडुनिंबाखाली माती कालवायला जाते आणि संध्याकाळी अप्पासाहेब फोनवर तिचे श्लोक घेतात. मध्येच हसू आलं तर हसून घेते. कोणती शाळा बरी, हे मला आजही लोक विचारतात. मी म्हणते, जाऊन बघा, पोराला बरोबर न्या आणि घाई करू नका. एवढं शहाणपण मला उशिरा सुचलं.

पण त्या दिवसाचं राहिलंच. मिरवणूक संपली, पोरं हात धुऊन वर्गात बसली. दोन ओळी भरून पहिली! मला रांगेकडे परत परत बघावंसं वाटत होतं. खिडक्यांतून आया, बाप, पुंडलिक, अप्पासाहेब, ऋचा, सगळे डोकावत होते. निखिल दारात उभा होता. मी हजेरीला सुरुवात केली.

"रेवा."

"हजर, आजी!"

"गौरी."

गौरीनं रेवाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हजर, आजी!"

मग कोणी मॅडम म्हटलंच नाही. एकामागून एक, सगळ्यांची मी आजी झाले. एक पोरगा तर आपलं नाव यायच्या आधीच दोनदा 'हजर, आजी' म्हणून मोकळा झाला. हजेरी संपली. मी मान वर केली तर निखिल तसाच चौकटीला टेकून होता, जायचं नाव घेत नव्हता. माझं तोंड पुन्हा माझ्या आधी धावलं.

"निखिल," मी पुकारलं.

तो दचकला. पाय जुळवून सरळ उभा राहिला, लहानपणी राहायचा तसा.

"हजर, आई."

सगळा वर्ग हसला. या वेळी पुढचं नाव घ्यायची मला काही घाई नव्हती.